पम्पकिन पाय स्पाइस घरी करताना: भाजू नका, लवंग मोजून घाला

सप्टेंबर लागला की अमेरिकेतली दुकानं एकाच वासाने भरून जातात. कॉफी, डोनट, बिस्किटं, दही, मेणबत्त्या, सगळ्यांवर ‘पम्पकिन स्पाइस’ लिहिलेलं. नवख्या माणसाला वाटतं, हा भोपळ्याचा वास असणार. पण भोपळ्याला स्वतःचा वास बेताचाच. जो दरवळतो तो दालचिनी, सुंठ, जायफळ, ऑलस्पाइस नावाचे दाणे आणि लवंग यांचा, म्हणजे भोपळ्याच्या पायमध्ये (मैद्याच्या कवचात गोड सारण भरून भट्टीत भाजतात तो) जे मसाले पडतात त्यांचा. स्टारबक्स या कॉफीच्या दुकानसाखळीने २००३ मध्ये पम्पकिन स्पाइस लाटे ही दुधाची कॉफी बाजारात आणली तेव्हा तिच्यात भोपळा नव्हताच. तो २०१५ मध्ये घातला गेला. त्याआधीची बारा वर्षं लोक मसालाच पीत होते.

भोपळा आणि मसाल्यांची ही जोडी मात्र कॉफीपेक्षा फार जुनी आहे. १७९६ मध्ये अमेरिकेतल्या हार्टफर्डला छापलेल्या अमेलिया सिमन्स यांच्या पाकपुस्तकात भोपळ्याच्या दोन कृती आहेत. एकीत जायपत्री, जायफळ आणि सुंठ, दुसरीत ऑलस्पाइस, सुंठ आणि साखरेऐवजी मोलॅसिस, म्हणजे साखर करताना उरणारा काळसर दाट पाक. बाल्टिमोरच्या मॅककॉर्मिक कंपनीने १९३४ मध्ये हे मसाले एकत्र करून एका डबीत विकायला सुरुवात केली, आणि पाच बाटल्यांऐवजी एक डबी पुरू लागली.

ती डबी विकत घ्यायची गरज मराठी स्वयंपाकघराला खरं तर नाही. पाचपैकी चार जिन्नस आपल्या मसाल्याच्या डब्यात असतातच. पण डबा ओळखीचा असला तरी हात वेगळा चालवावा लागतो. गोडा मसाला किंवा गरम मसाला करणारा हात सवयीने आधी कढई तापवतो आणि लवंग चिमटीने टाकतो. इथे या दोन्ही सवयी आवराव्या लागतात. बाकी सगळं सोपं आहे.

आधी दालचिनी नीट निवडा

या मिश्रणात अर्ध्याहून जास्त वाटा दालचिनीचा असतो, त्यामुळे तिच्यावर थोडा वेळ घालवलेला बरा.

बाजारात ‘दालचिनी’ म्हणून दोन अगदी वेगळ्या साली मिळतात. एक श्रीलंकेची. तिची नळी पातळ असते, आत कागदासारखे बरेच पदर गुंडाळलेले असतात, रंग फिकट तपकिरी आणि बोटांनी चुरडली तर सहज मोडते. वास गोडसर आणि हलका. कोकणात नारळ-सुपारीच्या बागांत लावतात ती दालचिनी याच जातीची. दुसरी कॅशिया: जाड, कडक, लालसर काळपट, एकाच पदराची साल, कधी चपटे तुकडे तर कधी दोन्ही कडा आत वळलेल्या. आपल्याकडे किराणा दुकानात सुटी मिळते ती बहुतेक हीच. अमेरिकेत ‘सिनॅमन’ म्हणून जी पूड खपते तीही बहुतांशी इंडोनेशियातली कॅशियाच असते. व्हिएतनामची कॅशिया याहून तिखट आणि झणझणीत.

मग पाय स्पाइसला कुठली घ्यायची? पाकपुस्तकं ‘खरी दालचिनी श्रीलंकेचीच’ असं सांगतात. ते वनस्पतिशास्त्रात ठीक आहे, पण अमेरिकन दुकानातला जो वास तुमच्या डोक्यात आहे तो कॅशियाचा आहे. भट्टीत पाऊण तास काढूनही तिचा वास टिकतो. श्रीलंकेची एकटी वापरली की मिश्रण सभ्य होतं, पण थोडं मिळमिळीत. माझा कौल दोन भाग कॅशिया आणि एक भाग श्रीलंकेची किंवा कोकणातली, असा आहे. एकच मिळत असेल तर कॅशिया घ्या.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. कॅशियात कुमारीन नावाचं द्रव्य बरंच असतं आणि रोज मोठ्या प्रमाणात पोटात गेलं तर काही लोकांच्या यकृताला त्रास देतं. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने रोजची सुरक्षित मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागे ०.१ मिलिग्रॅम धरली आहे. व्यवहारात मांडायचं तर ६० किलो वजनाच्या माणसाने रोज साधारण २ ग्रॅमपर्यंत कॅशिया खाल्ली तर चालते. सणासुदीला पायचा एक तुकडा खाणाऱ्याने याची काळजी करू नये. रोज सकाळी कॉफीत चमचाभर मसाला ढवळणाऱ्याने, आणि लहान मुलांना रोज देणाऱ्यांनी, श्रीलंकेची दालचिनी घ्यावी. तिच्यात कुमारीन अगदी नाममात्र असतं.

शक्यतो साल आणा, पूड नको. पुडीत काय मिसळलंय हे डोळ्यांना दिसत नाही. २०२३ च्या शरदात अमेरिकेत दालचिनी घातलेल्या सफरचंदाच्या गरातून लहान मुलांच्या पोटात शिसं गेल्याचं उघड झालं, आणि तिथल्या अन्न व औषध प्रशासनाला त्यातल्या दालचिनीच्या पुडीत शिसं आणि क्रोमियम सापडलं. घरी दळलं म्हणजे सगळ्या शंका मिटतात असं नाही, पण निदान साल हातात घेऊन बघता आणि हुंगता येते.

बाकीचे चौघे

सुंठ: पांढरट, टणक, मोडल्यावर आत धागे दिसणारी आणि भोकं न पडलेली घ्या. सुंठीला कीड लवकर लागते. ओलं आलं किसून या मिश्रणात चालत नाही. ओलावा येतोच, शिवाय आलं वाळताना त्याचा तिखटपणा बदलतो, घशाशी रेंगाळणारी जी ऊब हवी असते ती सुंठीतच असते. अख्खी सुंठ घरच्या मिक्सरला जड जाते. ताजी, विश्वासाच्या दुकानातली तयार पूड आणली तरी माझी हरकत नाही. पाचांतला हा एकच जिन्नस मी तयार घ्यायला सांगेन.

जायफळ: अख्खंच. पूड आणू नका. जायफळात तेल इतकं असतं की दळून ठेवलं की काही आठवड्यांत त्याचा जीव जातो आणि लाकडी भुसा उरतो. हातात जड वाटणारं, भोकं नसलेलं बघा. सुई टोचली आणि तेल ओलावून आलं तर उत्तम. पुरणपोळी आणि श्रीखंडामुळे आपल्याकडे जायफळाचा अंदाज बहुतेकांना असतो, तो इथे उपयोगी पडेल. जास्त झालं तर कडवट लागतं, आणि फारच जास्त झालं तर गुंगी आणि मळमळ.

लवंग: तेलकट, लालसर तपकिरी, डोक्यावरचा गोल बोंडा शाबूत असलेली. तेल काढून घेतलेली लवंग काळपट, सुरकुतलेली आणि हलकी असते, आणि सुट्या मालात अशी मिसळलेली असते. नखाने दाबून बघा, चांगली असेल तर नख ओलं होतं.

ऑलस्पाइस: इथे नवख्यांची हमखास गल्लत होते. नाव ऐकून वाटतं हा सगळ्या मसाल्यांचा मिळून केलेला मसाला असेल, आणि मग कुणीतरी गरम मसाला ढकलून देतं. जिरं-धण्याचा केक खायचा नसेल तर तसं करू नका. ऑलस्पाइस हे एकाच झाडाचं फळ. मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटं हे त्याचं घर, आणि जमैकाचं सर्वांत नावाजलेलं. हिरवी फळं तोडून वाळवतात, की मिऱ्याहून थोडे मोठे, खरखरीत तपकिरी दाणे होतात. वासात लवंग, दालचिनी आणि जायफळ यांची एकत्र झाक येते. कारण त्यात युजेनॉल भरपूर असतं, लवंगेतलंच ते मुख्य द्रव्य.

आपल्याकडच्या मसाल्याच्या मोठ्या दुकानांत हे दाणे बऱ्याचदा ‘कबाबचिनी’ म्हणून मिळतात. पण त्याच नावाने कंकोळही विकतात. ओळखायला सोपं आहे: कंकोळाच्या दाण्याला बारीक शेपटी असते, ऑलस्पाइसला नसते. कंकोळ या कामाचा नाही, त्याला कापरासारखी कडवट झाक असते. ऑलस्पाइस मिळालाच नाही तर त्याच्या १ चमच्याच्या जागी अर्धा चमचा दालचिनी, पाव चमचा जायफळ आणि पाव चमच्याहून थोडी कमी लवंग वाढवा, वर मिरपुडीची चिमूट. अगदी तसंच होणार नाही, पण जवळ जातं.

प्रमाण

चमचा म्हणजे ५ मिलिलिटरचा मोजमापाचा, सपाट केलेला. चहा ढवळायचे चमचे घरागणिक बदलतात, त्यांच्या भरवशावर लवंग मोजू नका.

दालचिनीची पूड ६ चमचे
सुंठपूड २ चमचे
किसलेलं जायफळ १ चमचा
ऑलस्पाइसची पूड १ चमचा
लवंगपूड अर्धा चमचा

हे सगळं मिळून साधारण २५ ग्रॅम होतं. नेहमी केक-बिस्किटं करणाऱ्या घराला एका मोसमापुरतं इतकं बास. अख्ख्या जिनसांत सांगायचं तर दालचिनी १५-१६ ग्रॅम, जायफळ साधारण अर्धं, ऑलस्पाइसचे २०-२५ दाणे आणि १०-१२ लवंगा. लवंगा मोजायला लाज वाटू देऊ नका. बऱ्याच अमेरिकन कृतींत लवंग याच्या दुप्पट असते, ती मला जास्त वाटते. लवंगेची पूड डबीत राहते तसतशी बाकीच्यांवर कुरघोडी करत जाते, आणि केकमध्ये तिचं पारडं जड झालं की दात दुखताना लावायच्या तेलाची आठवण येते.

सुंठ आवडत असेल तर ३ चमच्यांपर्यंत न्या. जायपत्री घरात असेल तर जायफळातला पाव चमचा कमी करून तिची पूड घाला, वास थोडा फुलासारखा होतो. वेलची मात्र पहिल्या खेपेला घालू नका. वेलची वाईट म्हणून नाही. ती आली की मराठी नाकाला ताबडतोब शिऱ्याची आणि कोजागिरीच्या दुधाची आठवण होते आणि भोपळ्याचा पाय बाजूला पडतो. वेलची-जायफळ-केशराचा दूधमसाला हा आपला शरदातला मसाला आहेच, त्याला त्याच्या जागी राहू द्या.

दळायची पद्धत

भाजायचं नाही. हे पुन्हा सांगतो, कारण हात आपोआप कढईकडे जातो. गोड्या मसाल्यात तीळ, खोबरं, धणे खमंग व्हायला हवे असतात, म्हणून तिथे भाजणं बरोबर. इथे हवी आहेत ती साल-फळांतली उडून जाणारी तेलं, आणि ती भट्टीत शिरण्याआधीच कढईत उडवण्यात अर्थ नाही. दालचिनी भाजली की गोडवा कमी होऊन कडवटपणा पुढे येतो.

दमट हवेत जिन्नस सादळले असतील तर ऑक्टोबरच्या उन्हात ताटात पसरून दोन-तीन तास ठेवा, वर पातळ कापड टाकून. जिथे ऊन नाही तिथे ओव्हन ५०-६० अंश सेल्सिअसवर गरम करून बंद करा आणि ताट १५ मिनिटं आत ठेवा. दालचिनी हाताने कटकन मोडली की झालं. पूर्ण गार होऊ द्या.

आता दालचिनी खलबत्त्यात ठेचून चण्याएवढे तुकडे करा. कॅशियाच्या अख्ख्या नळ्या मिक्सरमध्ये टाकल्या तर पातं अडकतं. ऑलस्पाइस आणि लवंगही ठेचा. हे तिन्ही मिक्सरच्या सर्वांत लहान भांड्यात एकत्र घाला आणि थांबून थांबून, चार-पाच सेकंदांच्या झटक्यांनी फिरवा. सलग फिरवलं की भांडं तापतं, आणि तापलं की तेच, भाजल्यासारखं. एवढासा माल मोठ्या भांड्यात पात्याखालीच बसून राहतो. लहान भांडं नसेल तर खलबत्ताच बरा, किंवा कॉफी दळायचं यंत्र. त्या यंत्रातली कॉफी पुढे काही दिवस मसालेदार लागेल, हे घरच्या कॉफीवाल्यांना आधी सांगून ठेवा. भांड्याला वास राहिला तर मूठभर कोरडे तांदूळ फिरवून काढा.

झाकण लगेच उघडू नका. पूड खाली बसायला दोन मिनिटं द्या, नाहीतर लवंग-दालचिनीची धूळ नाकात जाऊन शिंका थांबणार नाहीत.

मग चाळा. मैद्याची बारीक चाळणी हवी, रव्याची नको. वर उरलेलं पुन्हा फिरवा, पुन्हा चाळा. तरीही जे भरड उरेल ते टाकू नका, चहात उकळायला छान. चाळणं टाळू नये: भाजीत दालचिनीचा कण दाताखाली आला तर चालून जातं, कस्टर्डसारख्या गुळगुळीत सारणात तो वाळूसारखा लागतो.

जायफळ शेवटी, किसणीच्या सर्वांत बारीक भोकांवर. मिक्सरमध्ये ते तेलामुळे गोळा होतं आणि सगळी पूड चिकट करतं. किसलेलं जायफळ आणि सुंठपूड चाळलेल्या पुडीत मिसळा, सगळं आणखी एकदा चाळा. रंग आणि वास एकसारखा झाला पाहिजे.

चव बघणं आणि ठेवणं

कोरडी पूड जिभेवर ठेवून काही कळत नाही, जीभ नुसती बधिर होते. मऊ लोण्यात थोडी साखर आणि चिमूटभर मसाला कालवा, दहा मिनिटं ठेवा, गरम पावाच्या तुकड्याला लावून खा. स्निग्धात आणि साखरेत मसाला कसा वागतो हे तिथे कळतं. आधी दालचिनीचा गोडवा, मग मागून सुंठीची ऊब, आणि लवंग ‘आहे का नाही’ इतपत, असा क्रम लागला की जमलं. काही वाढवायचं असेल तर पाव चमच्याने वाढवा.

भरायला काचेची, घट्ट झाकणाची कोरडी बाटली घ्या. लवंगेचं तेल काही प्लास्टिकांना धुरकट करतं, आणि डबीला लागलेला वास मग जात नाही. बाटली शेगडीच्या वरच्या फळीवर ठेवू नका. उजेड आणि उष्णता दोन्ही मसाल्याचे वैरी. वाफाळत्या पातेल्यावर बाटली धरून झटकूही नका, वाफेने गुठळ्या होतात. बाटलीवर तारीख लिहा. सहा महिने वास उत्तम राहतो, वर्षभर चालतो. त्यानंतर खराब होत नाही, नुसता मंद होतो. अख्खे जिन्नस मात्र दोन-तीन वर्षं सहज टिकतात, म्हणून एकदम पावशेर दळून ठेवण्यात शहाणपण नाही.

कशात आणि किती

२५० ग्रॅम मैद्याच्या केकला किंवा बिस्किटांना दीड ते दोन चमचे. मसाला मैद्यात मिसळण्याऐवजी वितळलेल्या कोमट लोण्यात किंवा तुपात पाच मिनिटं भिजवून घातला तर वास जास्त पसरतो, कारण यातली बहुतेक सुगंधी द्रव्यं पाण्यापेक्षा स्निग्धात चांगली विरघळतात.

यीस्टच्या पावात सावध राहा. दालचिनीतलं मुख्य द्रव्य यीस्टला दाबतं, पीठ फुगायला रेंगाळतं. मसाला कणकेत न घालता लोणी-साखरेबरोबर सारणात पसरा आणि गुंडाळी करा.

कॉफीत किंवा दुधात कॅशियाची पूड विरघळत नाही. तळाशी बुळबुळीत थर बसतो. आधी मसाला, गूळ किंवा ब्राउन शुगर आणि पाणी यांचा पाक उकळून, कापडातून गाळून बाटलीत ठेवा आणि तो घाला.

आणि ज्यासाठी हे सगळं, तो पाय. अमेरिकेत डब्यातला भोपळ्याचा गर मिळतो, ४२५ ग्रॅमचा. त्यात बहुतेक वेळा डिकिन्सन नावाचा, फिकट सालीचा लांबट भोपळा असतो. गंमत म्हणजे तो आपल्या बाजारातल्या लाल भोपळ्याच्याच वनस्पतिजातीतला, क्युकर्बिटा मोशाटा. म्हणजे घारग्यांसाठी आणलेल्या भोपळ्याचा पाय चांगलाच होतो. हॅलोवीनला कोरतात तो नारिंगी भोपळा मात्र पाणचट आणि धागेदार, तो खाण्यात मजा नाही. फोडी सालीसकट २०० अंशांवर ४५ मिनिटं भाजा, गर काढून वाटा आणि मलमलच्या कापडात तासभर टांगून ठेवा. घरच्या गरात पाणी जास्त असतं, ते निथळलं नाही तर पाय जमत नाही.

४२५ ग्रॅम गराला दोन चमचे मसाला, १५० ग्रॅम साखर, अर्धा चमचा मीठ, २ अंडी आणि सुमारे साडेतीनशे मिलिलिटर बिनसाखरेचं आटवलेलं दूध. अंडं नको असेल तर ३ मोठे चमचे कॉर्नफ्लोअर गार दुधात कालवून घाला आणि मिश्रण आधी गॅसवर घट्ट होईपर्यंत शिजवा. थोड्या साखरेच्या जागी काकवी घातली तर मोलॅसिसची उणीव भासत नाही, आणि सुंठीशी तिचं फार जमतं. मिश्रण रात्रभर फ्रिजमध्ये ठेवता आलं तर ठेवा, मसाला गरात मुरतो. कवच भरून आधी २२० अंशांवर १५ मिनिटं, मग १७५ वर ४० ते ५० मिनिटं. मधोमध किंचित हललं तरी चालेल, बाहेर काढल्यावर ते बसतं.

नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी, थँक्सगिव्हिंग या अमेरिकी सणाला, पाहुणे असतील तर पाय आदल्या दिवशीच करून ठेवा. गार झालेल्या पायमध्ये लवंग आणि जायफळ शांत होतात आणि कापही सुबक पडतो.